मोहझरीचं पाणी निवळेपर्यंत

भंडाऱ्याला बुडी मारायला जाते आहे, असं मी सांगितलं तेव्हा मालवणात कुणाला ते खरं वाटलं नाही. ऐन हंगामाचे दिवस होते. किनाऱ्यावर पर्यटकांची रांग लागलेली, होड्यांना उसंत नाही, आणि पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवणारी मी समुद्र सोडून नकाशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला निघालेली. नवऱ्याने होडी आणि गिऱ्हाइकं सांभाळायचं कबूल केलं, पण तोंड वाकडं करूनच. "तिथे पाणी आहे का तरी?" एवढंच त्याने विचारलं.

पाणी होतं. नेमक्या कुठल्या दिवसांत ते बुडी मारण्याजोगं असेल, हाच प्रश्न होता, आणि गेले सहा-सात महिने प्रमोद आणि मी फोनवर त्याच्याशीच झटत होतो.

प्रमोद भंडाऱ्याचा. ऐन तारुण्यात घर सोडून अंदमानला गेला, तिथे बुडीचं काम शिकला, मग आमच्याकडे मालवणला बरीच वर्षं होता. आता त्याने भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान घातलं आहे. त्याचं मूळ गाव नाकाडोंगरीच्या अलीकडे, जंगलाला लागून. गावाबाहेर मोहाच्या झाडांमध्ये एक डोह आहे. त्याच्या तळाशी झरा आहे, म्हणून त्याला मोहझरी म्हणतात. सात बाजांची सुंभाची दोरी सोडली तरी तळ लागत नाही, असं गावात सगळे सांगतात. आता ग्रामपंचायत त्या झऱ्याभोवती सिमेंटचं कडं बांधून वर पंप बसवणार होती. उन्हाळ्यात काम सुरू होणार. त्यानंतर कुणाला आत उतरता येणार नव्हतं.

"ताई, त्याच्या आधी एकदा पाहून घेऊ," प्रमोद म्हणाला होता. का, ते त्याने तेव्हा सांगितलं नाही.

पावसाळ्यात डोह विटकरी रंगाचा होतो. दिवाळीच्या सुमारास धानाच्या बांध्यांतलं, म्हणजे भाताच्या वाफ्यांतलं, पाणी ओढ्यातून खाली येतं, तेव्हा तो दुधाळ असतो. फाल्गुनात मोहाची पानं गळून कुजतात आणि पाण्याला काढ्याचा रंग येतो. पुढे पातळी उतरते, शेवाळ धरतं. राहता राहिले मार्गशीर्ष-पौषाचे थंडीचे काही दिवस. तेवढ्यात ओढा आटलेला असतो आणि झऱ्याचं पाणी वर येऊन डोह नितळ होतो. ते दिवस धरून मी तिकीट काढलं.

भंडारा

पहिल्या सकाळी वैनगंगेच्या पुलावर उभी राहिले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. प्रमोद म्हणाला, "धुई आहे, जाईल." पण धुकं जमिनीवरून उठतं आणि हे वरून खाली आलं होतं. समुद्रावर राहणाऱ्या बाईला तेवढं कळतं. 

त्याच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत पितळेवर ठोके घालण्याचा आवाज दिवसभर चालतो. नाश्त्याला तर्री पोहे. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं, इथे हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसऱ्यांदा मागून घेतले. नागपूरहून ओळखीने मागवलेल्या हवेच्या चार टाक्या दुकानातल्या गुंडांच्या, म्हणजे पितळी घागरींच्या, आणि परातींच्या मधोमध उभ्या होत्या. भांडी घ्यायला आलेली एक बाई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "हे कायले लागते जी? पानी गरम कराले?" प्रमोद हो म्हणाला. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

चार टाक्या म्हणजे दोघांच्या दोन बुड्या. पुन्हा भरून आणायच्या तर नागपूर गाठावं लागणार, आणि तो माणूस परगावी गेला होता. म्हणजे चुकायला जागा फार नव्हती.

दुपारी गावाकडे निघालो आणि तुमसर मागे पडतं न पडतं तोच पाऊस आला. पौषातला पाऊस. झिमझिम नव्हे, चांगला सडकून. रस्त्यावर मँगनीजच्या ट्रकांनी सांडलेली काळी माती काचेवर उडायला लागली. प्रमोदने गाडी चालवता चालवता एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागला.

मोहझरी, पहिल्यांदा

घरी मोठाई होती. प्रमोदच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे इथल्या भाषेत मोठीआई, आणि हाक मारताना मोठाई. प्रमोदचे आईवडील आता नाहीत, आणि त्याला तसंही वाढवलं तिनंच. सत्तरीच्या आसपासची, उंच, काटक बाई. कपाळ मोकळं. चिन्नोरचा बारीक, वासाचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वालाच्या शेंगांची भाजी, तिला इथे पोपट म्हणतात, आणि जवसाची चटणी तिने पुढ्यात ठेवली. आम्ही कोकणातली माणसं भाताशिवाय जेवण मानत नाही. इथेही तसंच आहे हे पाहून बरं वाटलं. फक्त आमचा उकडा भात जाड आणि लालसर. त्याचं वर्णन ऐकून मोठाई म्हणाली, "असा भात आमी बैलालेबी नाही देत." हे ती इतक्या सहज म्हणाली की मला राग यायला वेळच मिळाला नाही.

मग ती माझ्यासमोर बसली.

"तुमी पान्याखालती किती वेळ राहता, बाई?"

"टाकीतली हवा पुरेल तोवर."

"डोळे उघडे ठेवता येते?"

"येतात. काच असते डोळ्यांवर."

तिने प्रमोदकडे बघितलं. तो मान खाली घालून जेवत होता. "याने तुमाले सांगतलं का नाही?"

सांगितलं नव्हतं. मग तिनेच सांगितलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. एका सकाळी नवरा मोहझरीवर आंघोळीला गेला. काठावरच्या दगडावर धोतर, तांब्या आणि चपला सापडल्या. माणूस सापडला नाही. गावाने गळ टाकले, मासेमारी करणारे ढिवर डोहात उतरले, काही लागलं नाही. झऱ्यानं गिळला, असं ठरलं. तेराव्या दिवशी तिच्या बांगड्या फोडल्या. नंतर वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी बोललं की खाणीवरच्या ठेकेदाराबरोबर तो ट्रकमधून जाताना दिसला होता. दुसऱ्याने ते खोटं ठरवलं. त्या गोष्टीवर पुढे कुणी बोललं नाही.

"मले बाकी काही नको," ती म्हणाली. "एकच सांगजा. त्या भोकातून मानूस जाऊ शकते का नाही."

मी काहीतरी पुटपुटले. मालवणला बुडालेल्या पर्यटकांना शोधायला मी उतरलेली आहे. काठावर थांबलेल्या माणसांची तोंडं मला माहीत आहेत. पण तिथे वाट बघणं तासांचं असतं.

रात्र तशीच गेली. सकाळी पाऊस थांबला होता आणि आम्ही डोहावर गेलो. डोह म्हणजे चहा झाला होता. ओढा फुगून त्यात पडत होता. माझ्याकडे पाण्याची पारख करायला एक पांढरी ताटली असते. ती दोरीला बांधून सोडायची आणि कुठे दिसेनाशी होते ते बघायचं. हात आत घालायच्या आधीच ती दिसेनाशी झाली.

अशा पाण्यात उतरायचं नसतं. हे मी दरवर्षी नव्या मुलांना घसा कोरडा करून सांगते. पण मालवणहून फोनवर फोन येत होते, ओढा ओसरायची चिन्हं नव्हती, आणि रिकामं बसणं मला जमत नाही. प्रमोदचं तर विचारूच नका. तो काठाने येरझारा घालत होता. "तळाशी झरा आहे, ताई. खाली स्वच्छ असेल. वरचा थरच फक्त गढूळ." तर्क चुकीचा नव्हता. आम्ही पोशाख चढवले. तेवढ्यात एका वानराने दगडावरचा माझा रबरी मोजा उचलला आणि ते उंबरावर जाऊन बसलं. प्रमोदने खडा मारल्यावर त्याने तो अजून वरच्या फांदीवर नेला. एक पाय उघडा ठेवूनच मी पाण्यात शिरले.

खाली स्वच्छ नव्हतं. कदाचित अजून खाली असेल, पण तिथपर्यंत आम्ही पोचलोच नाही. स्वतःचा हात काचेला टेकवला तरी दिसत नव्हता. आम्ही दोघं एकाच दोरीला होतो, दोरीचं टोक काठावरच्या उंबराला. प्रमोद पुढे. अचानक दोरी ताणली गेली, मग तिला हिसके बसायला लागले. मी दोरी धरून त्याच्याकडे सरकले आणि हाताला उंबराची मुळं लागली. काठाखाली पाण्यात त्यांचं जाळंच्या जाळं झालं होतं आणि प्रमोदची टाकी त्यात अडकली होती. तो सुटायला बघत होता आणि आणखी गुंतत होता. मी त्याचा खांदा चाचपडून दोनदा दाबला. स्थिर राहा, याची आमची खूण. तो लगेच थांबला, एवढी त्याची तालीम पक्की. मग आंधळ्यासारखं एकेक मूळ बोटांनी ओळखत मी ते टाकीच्या तोटीवरून काढलं. केवढा वेळ लागला कोण जाणे. त्याच्या श्वासाचे बुडबुडे माझ्या गालावर फुटत होते आणि ते फार भराभर येत होते.

वर आल्यावर आम्ही चिखलात पडून राहिलो. प्रमोदचे ओठ पांढरे पडले होते.

"एक बुडी गेली," तो म्हणाला.

"तू गेला असतास," मी म्हटलं. "आता ताटली तळाला टेकलेली दिसल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. मी परत गेले तरी चालेल, पण नाही."

लाखांदूर

थांबायचं ठरवणं सोपं असतं, थांबणं नाही. दोन दिवस मी मोठाईच्या अंगणात आणि डोहावर अशा नुसत्या फेऱ्या मारल्या. शेवटी प्रमोद म्हणाला, चला, वैशालीला घेऊन येऊ. त्याची बायको माहेरी लाखांदूरला गेली होती. गाडी भंडाऱ्यात दुकानाशी ठेवून आम्ही एसटीने निघालो. गाडीत बसलं की त्याला डोहच दिसतो आणि हात भरकटतात, असं तो म्हणाला. मीही नको म्हटलं नाही.

एसटीत माझ्याशेजारी एक म्हातारे शेतकरी होते, मांडीवर औषधाच्या फवारणीचा पंप घेऊन. खिडकीबाहेर धान कापलेल्या बांध्या लागोपाठ मागे जात होत्या. धसकटांच्या मधून लाखोरीची निळी फुलं डोकावत होती. धान उभं असतानाच चिखलात बी फेकून देतात, ना नांगरट ना काही. आमच्याकडे भात कापलं की वाफे उघडे पडतात, फार तर कुळीथ किंवा चवळी. मी एवढं निरखून बघते आहे म्हटल्यावर त्यांनी माझी चौकशी सुरू केली. मालवण ऐकल्यावर ते जरा वळून बसले.

"समुद्र सोडून इकडे काहून आल्या?"

"झरा बघायला."

"समुद्रात झरे नसतेत का?"

असतात, म्हटलं, पण ते खारट पाण्यात मिसळून जातात, दिसत नाहीत. त्यांनी जरा विचार केला. "आमचंबी तसंच. बोडीत झरा असते, पन बोडी भरून राहिली तोवर समजत नाही. आटली का मंग दिसते." बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला असलेलं छोटं तळं. मग पोरी किती, नवरा काय करतो, मासे कसे किलो, असं सगळं विचारून त्यांनी थांबा आल्यावर पंप खांद्याला लावला आणि उतरून गेले.

वैशालीच्या घरी तळ्यातले झिंगे केले होते. गोड्या पाण्यातली ही कोळंबी बारीक, कुरकुरीत आणि चिखलाची किंचित चव असलेली. खोबरं नाही, कोकम नाही, नुसतं तेल, लसूण, तिखट. मी मन लावून जेवले, तरी ध्यान सारखं आभाळाकडे. ते धुतल्यासारखं निळं झालं होतं. परतीच्या बसमध्ये वैशाली मला हळूच म्हणाली, "ताई, काही सापडलं तर पहिले यांना सांगू नका. मोठाईले सांगा. हे लहानपणापासून त्या डोहाच्या काठावर उभे राहून राहिले. अंदमानले गेले तेबी त्याच्यासाठीच."

मला वाटत होतं, तो माझ्यासारखाच पाण्याच्या ओढीने या धंद्यात आला असेल.

कवडूची बोडी

परतलो तेव्हा ओढा ओसरला होता, तरी डोह गढूळच. बघितलं तर ओढ्यात पाणी अजून येत होतं, पावसाचं नव्हे. वर कवडू नावाच्या शेतकऱ्याची बोडी होती. ती पावसाने तुडुंब झालेली आणि त्याने पाट उघडून शेतात पाणी घेतलं होतं. शेत भिजवून उरलेलं चिखलपाणी थेट डोहात.

प्रमोद त्याच्याशी बोलायला गेला आणि दोघांचा आवाज चढला.

"उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकाचे आहेत जी मले," कवडू म्हणत होता. चाळिशीचा गडी, गुडघ्यापर्यंत चिखल. "पानी बंद केलं तर चिखलनी कशी होईन? तुमचं आपलं पोहनं आहे. माह्यं वर्सभराचं पोट आहे."

"चारपाच दिवसांचा सवाल आहे."

"चारपाच दिवसांत थंडी पडली, का बी रुजत नाही. मंग तुमी देता का धान?"

त्याचं काही चुकत नव्हतं. पऱ्हे म्हणजे भाताचं रोप, आणि ते वेळेवर नाही उगवलं तर पुढचं सगळं बिघडतं, हे मलाही कळतं. मी प्रमोदला ओढून घेऊन आले. घरी तो जेवला नाही. मीही परतीचं तिकीट काढायला मोबाईल हातात घेतला होता, हे कबूल करायला हवं. मोठाईने आमची तोंडं बघितली, काय झालं ते विचारलं आणि पदर खोचून उन्हातच निघाली. आम्ही मागे.

कवडूच्या बांधावर ती टेकली. त्याने फावडं ठेवलं.

"कवडू, तुह्या मायनं तुले कधी सांगतलं का, माहा मालक कुठी गेला ते?"

"झऱ्यात गेले म्हनते, मोठाई."

"मी नाही पाह्यलं. तिनंबी नाही पाह्यलं. हे बाई पाहून सांगनार आहे. पान्याखालती डोळे उघडे ठेवते." तिने डोहाच्या दिशेने बोट केलं. "उन्हाळ्यात त्याच्यावर सिमेट टाकनार. मंग मले कोन सांगन?"

कवडूने पाटाकडे बघितलं. मग म्हणाला, "खालचा वाफा राहू देतो. वरच्याच वाफ्यात पऱ्हे टाकतो. तिकडचं पानी डोहात नाही जात. पन जागा कमी पडन."

"कमी पडले तर माह्या वावरातले घेऊन जाजो," मोठाई म्हणाली, आणि उठली.

त्याने तिथेच पाटाच्या तोंडात मातीची ढेकळं लोटली.

मग झऱ्याने त्याचं काम केलं. वरून घाण येणं थांबल्यावर तळातून येणारं पाणी डोहातलं गढूळ पाणी हळूहळू पुढे ढकलत राहिलं. रोज सकाळी मी ताटली सोडत होते. एक दिवस ती कोपरभर खाली दिसली. दुसऱ्या दिवशी पुरुषभर. मग एका सकाळी, ऊन तिरपं पाण्यात शिरलं होतं तेव्हा, दोन-अडीच पुरुष खोलीवर ती तळाच्या वाळूवर टेकलेली दिसली, थाळीत वाढल्यासारखी स्वच्छ. प्रमोदला हाक मारायला लागली नाही. तो मागेच उभा होता.

मोहझरी, दुसऱ्यांदा

या वेळी दोरी कवडूच्या हातात होती. तो स्वतःहूनच आला. दोन हिसके म्हणजे ठीक, सारखे हिसके म्हणजे ओढ, हे त्याने माझ्याकडून घोकून घेतलं. मोठाई मोहाच्या बुंध्याशी बसली होती. मी तिला घरी थांबायला सांगितलं होतं. तिने ऐकलं नव्हतं.

पाणी गार होतं, पण केवढं सुंदर. हिरवट काचेतून बघावं तसं सगळं. मासोळ्यांची पिल्लं माझ्या मोजा नसलेल्या पायाशी येऊन टोचत होती. काठाखालची मुळं आता दिसत होती. त्यांना लांबून वळसा घालून आम्ही खडकाच्या कपारीकडे गेलो. कपारीच्या तोंडाशी पांढरी वाळू उकळी फुटल्यासारखी नाचत होती. झरा तोच.

आत बैलगाडी मावेल एवढी खोली. मागे वळलं की उजेड दिसत होता, आणि तो दिसतो तिथपर्यंतच जायचं हे ठरलेलं. खोलीच्या टोकाला खडकात फट होती. मी विजेरी आत धरली. तोंड घागरीच्या तोंडाएवढं, आणि हातभर आत गेल्यावर विटेएवढंही नाही. हात खांद्यापर्यंत घातला तर पाण्याने तो बाहेर ढकलला. छत चाचपलं, बाजू चाचपल्या. दुसरी वाट नव्हती. त्या फटीतून माणूस काय, कोंबडीसुद्धा गेली नसती.

प्रमोदने स्वतः हात घालून बघितलं. मग पुन्हा बघितलं. मग तो खोलीच्या तळाशी गुडघे टेकून बसला. तिथे झऱ्याच्या झोताबाहेर गाळ साचला होता, मऊ, पिठासारखा. त्याने त्यात हात खुपसला, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. हाताला काही लागत नव्हतं आणि तळही नव्हता. गाळ उठायला लागला. दोन्ही हातांनी उपसायला तो वाकला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. त्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मागचा उजेड मळकट होत चालला होता. तो कितीतरी वेळ तसाच राहिला, मनगट माझ्या हातात देऊन. मग त्याने अंगठा वर केला, म्हणजे वर जाऊ या, आणि आम्ही निघालो.

वर मोठाई पाण्याच्या कडेला येऊन उभी होती. मी टाकी उतरवेपर्यंतही ती थांबली नाही.

"सांगा."

"मोठाई, फट एवढीशी आहे." मी हातांनी दाखवलं. "माणूस त्यातून जाऊच शकत नाही. आणि पाणी आत ओढत नाही, बाहेर ढकलतं."

"म्हंजे झऱ्यानं नाही नेला."

"झऱ्यानं नाही." मग जे सांगायला हवं होतं ते सांगितलं. "पण तळाशी गाळ खूप आहे. काठाला मुळं आहेत, त्यात मागच्या बुडीत प्रमोदही अडकला होता. तिथे कधी काय अडकलं असेल, हे मी सांगू शकत नाही. बुडालेल्या माणसाला बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत पाणी वर सोडतं. बहुतेक वेळा. नेहमीच नाही."

तिने ते ऐकलं असावं. पण तोपर्यंत ती डोहाकडे बघत नव्हती. खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघत होती.

"इतके वर्सं मी पान्याले शिव्या देल्या," ती म्हणाली. मग आवाज न चढवता, एकेक शब्द तोडत, "धोतर ठेवलं. चपला ठेवल्या. तांब्या ठेवला. असं मांडून ठेवून गेला."

प्रमोद म्हणाला, "मोठाई, ताई म्हणाल्या ना, नक्की नाही सांगता येत."

"तू चूप राह्य."

ती घराकडे निघाली. आम्ही ओले, सामान उचलून तिच्या मागे, आणि कवडू दोरीची गुंडाळी घेऊन सगळ्यांच्या मागे. मला राहून राहून वाटत होतं की मी काहीतरी मोडलं आहे. तिने मागितलं होतं तेच मी दिलं होतं, आणि तरीही.

संध्याकाळी ती सूप घेऊन बसली. धान पाखडत राहिली. सूप इतक्या जोरात आपटत होतं की वैशाली दोनदा बाहेर येऊन बघून गेली. मला म्हणाली, "रडल्या असत्या तर बरं झालं असतं."

सकाळी माझी निघायची तयारी चालली होती. सामान ओट्यावर काढलं होतं. मोठाईने प्रमोदला आतल्या खोलीत बोलावलं, आणि मग मलाही. तिथे भिंतीवर एक मोठा केलेला फोटो होता, चंदनाच्या ढलप्यांचा हार घातलेला. हार इतका जाड की त्याखाली चेहरा अर्धाच दिसत होता.

"काढ," ती म्हणाली.

प्रमोद स्टुलावर चढला. "फोटो काढू?"

"फोटो राहू दे. हार काढ. जित्या मानसाले हार कायले पाह्यजे?"

"मोठाई, आता एवढ्या वर्षांनी तेही कुठे असतील..."

"असन नाही तर नसन. मले नाही माहीत. बाईलेबी नाही माहीत. मंग हार काहून?"

त्याने हार उतरवला. चंदनाचा वास कधीच गेला होता, नुसती धूळ उडाली. काच पुसायला तिने पदर पुढे केला, मग प्रमोदलाच पुसायला सांगितली. तुमसरच्या जत्रेत काढलेला फोटो असावा. मागे रंगवलेला पडदा, पुढे उभा एक जण, अंगात नवा सदरा, मिसरूड जेमतेम फुटलेलं, कॅमेऱ्याला घाबरून ताठ झालेला.

मोठाई जवळ जाऊन बघत राहिली. काल सकाळपासून तिच्या जबड्याला पडलेली घट्ट घडी सैल होताना मला दिसली. तिने प्रमोदकडे पाहिलं, त्याच्या पिकायला लागलेल्या केसांकडे, आणि पुन्हा फोटोकडे.

"हा तं पोट्टाच होता," ती म्हणाली.

 थोड्या वेळाने तिने हार खालून उचलला, कुठे ठेवावा ते न सुचून हातातच धरला, आणि वैशालीला हाक मारून म्हणाली, "चहा मांड वो. बाईची बस चुकन."